शिसवी जोडवे

पहिल्या भेटीत त्यांनी मला नमस्कार केला नाही. माझा उजवा हात मागितला. फणसवाडीतील त्या चाळीत मी नुकतेच बिऱ्हाड केले होते आणि हातात फुलांची परडी घेऊन जिना चढत होतो. त्यांनी परडी माझ्या हातातून काढून पायरीवर ठेवली, माझा पंजा उलटसुलट करून पाहिला, मधल्या बोटाच्या पेरावरचा घट्टा अंगठ्याने दाबला आणि म्हणाले, "बोरूचा घट्टा आहे हा. टाकाचा नव्हे. मास्तर की भिक्षुक?"

"शाळेत संस्कृत शिकवतो," मी म्हणालो.

"म्हणजे दोन्ही," असे म्हणून ते परडी तेथेच टाकून आपल्या खोलीत निघून गेले.

चाळीत त्यांना सगळे साचेवाले म्हणत. बिडाच्या ओतकामासाठी आधी जो लाकडी साचा करावा लागतो, तो करण्यात त्यांची तीस वर्षे माझगावच्या गोदीत गेली होती. साचा सुताभर चुकला तर सगळे ओतकाम वाया जाते, असे ते सांगत. आणि त्यामुळे इतरांच्या सुताभर चुकाही त्यांना सोसत नसत. शेजारच्या एका कारकुनाच्या दाराची कडी तिरकी बसली होती. तो कचेरीत गेला असताना यांनी ती न विचारता उखडली आणि सरळ बसवली. संध्याकाळी तो भांडायला आला तेव्हा म्हणाले, "तुमच्या दारावरून मला दिवसातून दहादा जावं लागतं. त्रास मला होत होता, तुम्हाला नव्हे." विडी ओढत, विडीच्याच हाताने कानावरची पेन्सिल काढीत, आणि कोणाशीही बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता हाताकडे पाहत. पुष्कळांना हा अपमान वाटे. मलाही आरंभी वाटला.

जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत देव नव्हते. देवांच्या जागी, फळीवर, मुठी होत्या. शाडूच्या लहान लहान मुठी, ओळीने वाळत ठेवलेल्या. काहींवर पाच बोटांचे ठसे असत, काहींवर तीनच. काही गोळे एका बाजूने चेपलेले, तर काही नुसतेच नखाने ओरखडल्यासारखे. लालबागेत गणपतींच्या कारखान्यात उरलेली शाडू ते पिशवी भरून आणीत. तापाने हात लुळे पडलेली, जन्मतःच बोटे आखडलेली, ज्यांचे हात स्वस्थ राहत नाहीत अशी मुले त्यांच्याकडे येत. मुलाच्या हाती ओला गोळा देऊन ते म्हणत, "दाब." तो दाबलेला गोळा ते खिडकीजवळ नेऊन पुष्कळ वेळ न्याहाळीत. त्या हाताला काय जमते ते त्यांना त्यात दिसे. मग त्या गोळ्याबरहुकूम लाकूड कोरून, त्यात पाटीवरची पेन्सिल बसवून ते मुलाला देत. कोणासाठी लाकडी चेंडूतून आरपार घातलेली पेन्सिल, कोणासाठी मनगटाला बांधायची पट्टी. ज्या मुलाचा हात सारखा थरथरे, त्याच्यासाठी आत शिसे भरलेली जड मूठ. पाटी सरकू नये म्हणून तिला पाटाला घट्ट धरणारे लाकडी चिमटेही त्यांनी केले होते.

"ज्या मातीतून गजाननाचे चरण घडायचे, ती या कामाला वापरणे योग्य आहे का?" असे मी एकदा विचारले.

"गणपतीनं आपला मोडका दात हातात धरून लिहिलं, असं तुम्हीच सांगता ना पोरांना?" ते म्हणाले. "मग? त्यालाही धड लेखणी कुठं मिळाली होती? मी असतो तर त्या दाताला मूठ करून दिली असती."

मला हसू आले, आणि हसू आल्याचा खेदही झाला.

त्यांच्याकडे आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी अक्षर काढायला मनाई असे. "आधी पाटी घाण कर. वाटेल तेवढी घाण कर. पाटी माझी आहे, तुझ्या बापाची नाही." मुले दबकत आरंभ करीत आणि मग घासून घासून पाटी पांढरी करून टाकीत. कोणाचे कितीही चांगले साधले तरी त्यांच्या तोंडून एकच शब्द निघे: "चालेल." मुलांना तेवढ्याने आकाश ठेंगणे होई.

एका शब्दाला मात्र त्या खोलीत मज्जाव होता. 'बिचारा' किंवा 'बिचारी' म्हणणाऱ्या माणसाला ते शिक्षा करीत, मग तो मुलाचा बाप का असेना. तो शब्द एकदा माझ्या तोंडून गेला. त्यांनी माझ्या खांद्यावरचा पंचा ओढला, माझी चारही बोटे त्यात गुंडाळली, वरून सुतळी आवळली आणि पाटी पुढे सरकवली.

"श्री काढा."

मी 'श्री' काढली. जन्मभर जिने माझ्या प्रत्येक पानाचा आरंभ झाला, ती 'श्री' पाटीवर पाय मोडलेल्या किड्यासारखी पडली होती.

"तुमच्या वर्गात एखाद्यानं अशी काढली, तर काय करता?"

असत्य बोलण्याची मला सवय नव्हती. "छडी देतो," मी म्हणालो.

त्यांनी फूटपट्टी माझ्या पुढ्यात ठेवली. "द्या मग. स्वतःला."

मी मान खाली घातली. ते सुतळी सोडीत म्हणाले, "हात चुकत नसतो, शास्त्रीबुवा. हत्यार चुकतं. आणि बिचारे म्हणायचं झालं, तर ते आपण."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे अधिक जाऊ लागलो. माझे अक्षर बरे होते. माझ्या गुरुजींनी लहानपणी तांदूळ पसरलेल्या ताटात बोट धरून ते घडवले होते आणि मी ते देवघरातील मूर्तीसारखे जपले होते. साचेवाल्यांनी माझ्याकडून वीत-वीत उंचीची अक्षरे कागदावर काढून घेतली आणि ती शिसवी फळ्यांवर खोल कोरली. मुलांनी त्या खाचेतून पेन्सिल फिरवायची, म्हणजे हाताला वळण आपोआप कळते. आमचा वाद होई तो या फळ्यांवरून. 'इ'ची एक गाठ कमी करा, असे ते म्हणत. मी करू देत नसे. "पोराच्या मनगटाला ती झेपत नाही," ते चिडत. "अक्षराला झेपते ना?" मी म्हणे. शेवटी ते माझ्याप्रमाणेच कोरीत, आणि फळी पुरी झाली की तीवर तळहात फिरवून म्हणत, "चालेल." तो शब्द माझ्या वाट्याला त्या घरात एकूण आठ वेळा आला. मी मोजून ठेवले होते.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गिरगावात प्रत्येक भिंतीवर गेरूने घोषणा लिहिलेल्या असत. संध्याकाळी सभा, सकाळी प्रभातफेरी, मध्येच हरताळ. चाळीतील तरुण मुले गेरूचे डबे घेऊन हिंडत आणि साचेवाल्यांना हटकत, "चला की साचेवाले, मोर्चाला. मराठीचं राज्य आणायचंय."

"आणा," ते कानस न थांबवता म्हणत. "पण भिंतीवर 'महाराष्ट्र'चा 'ष्ट्र' नीट काढा आधी. लंगडतोय तो."

एकदा मात्र ते गंभीरपणे मला म्हणाले, "एवढी माणसं मराठीसाठी रस्त्यावर आहेत, चांगलं आहे. यातल्या एकाला विचारा, माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी एक तरी तुमच्या शाळेत घ्याल का? बघा काय तोंड करतो ते."

तो प्रश्न मलाच आहे, हे मला कळायला हवे होते.

इंदू त्यांच्याकडे त्याच सुमारास आली. सहा-सात वर्षांची, सावळी, अंगाने धडधाकट, पायांनी तर हरणासारखी चपळ. पण तापात तिचे दोन्ही हात खांद्यापासून गेले होते. चालताना ते दोन ओल्या पंच्यांसारखे हेलकावत. तिचे वडील गोदीत साचेवाल्यांच्या ओळखीचे कामगार. वरळीच्या चाळीत राहत. तिकडच्या शाळेने, हात नसलेल्या मुलीला लिहायला काय शिकवणार, असे सांगून तिला परत पाठवले होते. दर रविवारी ते तिला घेऊन वरळीहून येत, दाराबाहेर उकिडवे बसत आणि काम होईपर्यंत एक शब्द बोलत नसत.

सहा महिने साचेवाले त्या मुलीच्या हातांशी झगडले. शाडूचे गोळे तिच्या तळव्यात ठेवीत. ते जसेच्या तसे खाली पडत. फळीवर एकही नवी मूठ चढली नाही. त्या काळात ते विलक्षण चिडखोर झाले होते. मुलगी मात्र त्यांना घाबरत नसे.

"आजोबा, तुमची मिशी एका बाजूनं मोठी आहे," ती म्हणे.

"तुला काय करायचंय?"

"तुम्हीच म्हणता ना, सुताभर चुकलं तर वाया जातं."

एका रविवारी त्यांच्या कानावरची पेन्सिल घरंगळून जमिनीवर पडली. इंदूने बोलता बोलता ती पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरली, पाय उचलून त्यांच्या पाटावर ठेवली आणि पुढे बोलू लागली. हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या पेन्सिलीकडे पाहून ते स्वतःच्याच कपाळावर हात मारून म्हणाले, "गाढवा! सहा महिने हात मोजत बसलास."

त्या दिवसापासून त्यांनी मला खोलीत येऊ देणे बंद केले. "तुम्ही नुसती अक्षरं काढून द्या. मोठी, ठसठशीत. बाकी दसऱ्याला बघा." चाळीतील बायका नळावर हसत, "साचेवाले त्या पोरीसाठी जोडवं घडवतायत म्हणे! लग्न ठरलं वाटतं!" मी ते कुचाळक्या समजून कानाआड केले. माझी काढलेली अक्षरे दाराच्या फटीतून आत जात होती आणि आतून इंदूचे हसणे ऐकू येत होते.

साचेवाल्यांनी हयातीत कोणापुढे शब्द टाकला नसेल. या मुलीसाठी त्यांनी टाकला. आमच्या हेडमास्तरांना ते स्वतः जाऊन भेटले. मुलीच्या हातात दोष आहे, पण ती लिहिते, असे सांगितले. हेडमास्तर सावध गृहस्थ. ते म्हणाले, "दसऱ्याला शाळेत पाटीपूजन असतं. मुलीला पाटी घेऊन पाठवा. शास्त्रीबुवा पाहतील. त्यांनी होकार दिला तर दिवाळीनंतर पहिलीत बसवू." शाळा वडिलांच्या गोदीच्या वाटेवर होती, पहिलीचा वर्ग तळमजल्यावर होता. सगळे जुळत होते. राहिला होता तो माझा होकार.

दसऱ्याला मुले पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून आणतात. आकडे वर, खाली, तिरके मांडत जायचे, की देवीचा मुकुट, हात आणि मोर आपोआप उभे राहतात. त्या सकाळी सभागृहात चौरंगापुढे मी पाट्यांची रांग लावीत होतो. इंदूचे वडील पांढराशुभ्र सदरा घालून आले होते. वर्षभरापूर्वी दसऱ्यालाच त्यांच्या वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला होता. पूजाअर्चा त्यांनी सोडली होती. तरीही मुलीला शाळेत घालायची तर वाट या चौरंगावरून जाते, हे त्यांनी सोसले होते. ते भिंतीला टेकून उभे राहिले. साचेवाले फाटकाबाहेर विडी ओढत थांबले होते. पूजेला ते कधीच येत नसत.

वडिलांनी पाटी माझ्या हाती दिली आणि मी थबकलो. शेकडो पाट्या मी पाहिल्या होत्या. हिच्यावरचा प्रत्येक आकडा एकसारखा, स्थिर, न घाबरलेला होता. आणि खाली लिहिलेली 'श्री' माझी होती. म्हणजे मी काढलेली नव्हे. पण तिची वेलांटी जेथून उचलली होती आणि जेथे टेकवली होती, ती माझ्या गुरुजींची रीत होती. माझ्या हाताखालून पुष्कळ विद्यार्थी गेले, पण ती कोणालाही साधली नव्हती. माझे डोळे भरून आले. मी पाटीला हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले आणि तिला रांगेत अगदी मध्ये, देवीच्या समोर मांडले.

मग कौतुकाने मुलीकडे वळलो. तिचे दोन्ही हात नव्या झग्याच्या बाजूंनी लोंबत होते.

"कोणत्या हाताने काढलीस ग?"

"पायानं," ती म्हणाली. आणि मी आनंदी होणारच अशा खात्रीने तिने चपलेतून उजवा पाय काढून माझ्यापुढे धरला. अंगठ्यात शिसवी लाकडाचे एक गुळगुळीत कडे होते, आतून मऊ कातड्याचे, आणि त्याला पेन्सिल बसेल अशी खोबण होती. तेच ते जोडवे.

पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करावा, हे आमच्या घरात मुलाला बोलता येण्याआधी शिकवले जाते. भुईवर कागदाचा कपटा पडलेला दिसला तरी मी आजही वळसा घालून जातो. पुढे जे झाले ते या सवयीने झाले, असे मी स्वतःला अनेक वर्षे सांगत आलो आहे. मुलीची जात माझ्या मनात नव्हती, असेही सांगत आलो आहे. पहिले मी अजून म्हणतो. दुसरे शपथेवर म्हणायचा धीर आता होत नाही.

मी पाटी रांगेतून उचलली. तिच्यावरचे फूल काढून घेतले. पुसली नाही; पुसण्याचे माझ्या मनातही आले नाही. ताम्हनातील पाणी फुलाने शिंपडले, केवळ शुद्धीसाठी. मनाचे समाधान होईना म्हणून मग पळीने घातले. पाटीवरची पेन्सिल, ती. देवीचा मुकुट आधी विरघळला, मग मोर. पांढरे पाणी कुंकवात मिसळून माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. सभागृहातील शंभर मुले पाहत होती. इंदूने पाय मागे घेतला आणि दुसऱ्या पायाच्या मागे लपवला.

"पायाने सरस्वती काढीत नाहीत, बाळ," मी शक्य तितक्या मऊपणे म्हणालो. "पाप लागते. हाताने शीक."

तिचे वडील पुढे आले. त्यांनी माझ्या हातातून ओली पाटी घेतली. मला वाटले, ते रागावतील. ते म्हणाले, "पायाचं आम्हाला नवीन नाही, मास्तर."

ज्या समाजाला माझ्या पोथ्यांनी पायापासून जन्मलेला ठरवले, त्या समाजातला तो माणूस होता. पोथ्या मला पाठ होत्या. हेडमास्तरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "शास्त्रीबुवांना अडचण वाटत असेल तर... हाताने लिहू लागली की अवश्य आणा."

त्याच दुपारी साचेवाले माझ्या दारात आले. काखेत अक्षरांच्या आठही फळ्या होत्या. त्या त्यांनी उंबऱ्यावर एकावर एक, कडा जुळवून ठेवल्या.

"पाटी बघा म्हटलं होतं. धुवा नव्हतं म्हटलं."

"मी धुतली नाही. प्रोक्षण केले."

"पोरीला दोन्ही सारखंच," ते म्हणाले. "देवळात गेलात की डोकं कुठं टेकता?"

"चरणांवर."

"देवाचा पाय चालतो," ते म्हणाले, आणि वाक्य तेथेच सोडून दिले. जाता जाता जिन्यावरून वळले. "चूक माझी. मला वाटलं, अक्षर ओळखणारा माणूस अक्षर बघेल. साचा चुकीच्या माणसाचा घेतला मी."

पुढे त्यांनी जे केले ते मला त्या पाण्याहूनही जड जाते. ज्यांनी जन्मभर हत्याराला दोष दिला, हाताला कधी दिला नाही, त्यांनी शाळेच्या अटीपुढे मान तुकवली. मुलीला शाळेत जायचे होते आणि शाळेला हात हवा होता. म्हणून ते हात करायला बसले. गोदीतील कप्प्या आणि दोऱ्या आणून त्यांनी तिच्या दंडाला टांगणारी एक लाकडी चौकट उभी केली. खांदा हलवला की दोरी ओढली जाई, दोरी ओढली की मनगट सरके. वर्षभर दर रविवारी ती मुलगी त्या चौकटीत उभी राहिली. मी वरच्या गॅलरीतून पाहत असे. हसणे ऐकू येत नव्हते. वर्षाच्या शेवटी तिने एक 'अ' काढला. तो पाय मोडलेल्या किड्यासारखा होता. साचेवाले "चालेल" म्हणाले नाहीत.

एका रविवारी वडील एकटेच आले. दाराबाहेर बसले नाहीत, उभेच राहिले. "राहू द्या आता, साचेवाले. खांद्याची साल गेली तिच्या."

"पायानं लिहू दे मग. घरी लिहू दे. शाळा गेली खड्ड्यात."

"तेच म्हणतो मी तिला. पण पाटी दिसली की पाय पोटाशी घेते."

साचेवाल्यांनी चौकट त्याच दिवशी सुटी केली. कुऱ्हाड घातली नाही. एकेक खिळा वेगळा काढला, कप्प्यांना तेल दिले. मुले त्यांच्याकडे पुढेही येत राहिली आणि ते हत्यारे करीत राहिले. माझ्याशी भांडण त्यांनी कधीच काढले नाही. फक्त एक बदल झाला. जिन्यात भेट झाली की ते मला दोन्ही हात जोडून नमस्कार करू लागले. माझा हात त्यांनी पुन्हा कधी हातात घेतला नाही.

त्या वर्षात मी आणखी एक गोष्ट केली. घरातील आणि पाठशाळेतील जेवढी शास्त्रे माझ्या हाती आली तेवढी धुंडाळली. हात नसलेल्याने पायाने लिहू नये, असे मला कोठेही सापडले नाही. सापडले असते तर मी ते दुसऱ्या दिवशी सर्वांना दाखवले असते. सापडले नाही, हे मी कोणाला सांगितले नाही. हेडमास्तरांना नाही, साचेवाल्यांना नाही.

राज्य झाले तेव्हा चाळ पताकांनी भरली. आमच्या शाळेत प्रत्येक मुलाने पाटीवर नव्या राज्याचे नाव लिहिले आणि पाट्या उंच धरून मुले रस्त्याने फिरली. मी पेढे घेऊन उतरलो तेव्हा साचेवाले दारात कानस घाशीत होते.

"आलं का मराठीचं राज्य?"

"आले."

"बरं झालं," ते म्हणाले, कानस खाली ठेवली आणि मला नमस्कार केला.

खंडेनवमीला ते सगळी हत्यारे पुसून, तेल लावून धोतराच्या धडप्यावर मांडीत. फूल नाही, कुंकू नाही. "त्यांना फुलं नकोत, तेल हवं," असे म्हणत. त्या हत्यारांत, पटाशी आणि गिरमिटाच्या मध्ये, दरवर्षी ते जोडवे मांडलेले मला दिसे. त्याचे शिसव तेल पिऊन पिऊन काळेभोर झाले होते.

काही वर्षांनी ते गेले. कोकणातून पुतण्या आला. हत्यारांची पेटी आवरताना जोडवे हातात धरून त्याने चाळीला विचारले, "हे कशाचं?" कोणाला ठाऊक नव्हते. मला होते. मी ते मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी वरळीला गेलो.

इंदू पंधरा-सोळा वर्षांची झाली होती. वडील कामावर होते. आईने मला खुर्ची दिली आणि आत चहा ठेवायला गेली. इंदू भुईवर बसली होती. शेजारी भावाचे तान्हे मूल झोळीत होते आणि झोळीची दोरी तिच्या पायाच्या बोटांत होती. तिने मला लगेच ओळखले. साचेवाले गेल्याचे मी सांगितले तेव्हा तिने दोरी ओढायची थांबवली.

"त्यांची मिशी शेवटपर्यंत तशीच होती?" तिने विचारले.

"तशीच," मी म्हणालो.

मी जोडवे तिच्यासमोर फरशीवर ठेवले. तोंडपाठ करून आणलेले शब्द मला आठवेनात. एवढेच म्हणालो, "त्या दिवशी माझे चुकले. कोठेही तसे लिहिलेले नाही. तू लिही."

ती जोडव्याकडे पाहून हसली. मग, केवळ म्हाताऱ्याचे मन राखायचे म्हणून, तिने अंगठा त्यात घालून पाहिला. ते नखापाशीच अडले. तिने थोडा जोर केला, आणि सोडून दिले.

"लहानपणचं आहे हो ते," ती म्हणाली. "आता नाही व्हायचं."

तिने ते अंगठ्याने हलकेच माझ्याकडे सरकवले. सरकवताना तिचा पाय खुर्चीला टेकून ठेवलेल्या माझ्या पिशवीला लागला. पिशवीतून पोथीचे टोक वर आले होते. तिने चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला.

"पाय लागला," ती म्हणाली. आणि हात जोडता येत नसल्यामुळे खाली वाकून तिने कपाळ त्या पोथीला टेकवले.

माझ्या शाळेत ती जेमतेम तासभर होती. तेवढ्या वेळात मी शिकवलेले ती विसरली नव्हती.